केमिकल इंजिनिअरिंग शिकवायचंय? फॉर्म्युला नंतर, आधी चौकोन काढायला शिकवा

पीएचडी संपवून किंवा प्लांटमधली नोकरी सोडून जे पहिल्यांदाच युनिव्हर्सिटीत केमिकल इंजिनिअरिंग शिकवायला उभे राहणारेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनीही वाचा, पण जे वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स फळ्यावर उतरवतायत त्यांना हे आवडेलच असं नाही.

माझं म्हणणं एकच आहे, आधीच सांगून टाकते. आपली पोरं गणितं सोडवायला शिकतात, पण आलेलं उत्तर शक्य कोटीतलं आहे का हे बघायला शिकत नाहीत. पंपाची पॉवर चाळीस मेगावॅट आली तरी खाली दोन रेघा मारून मोकळी होतात. कारण आपण शिकवतानाच फॉर्म्युला पहिला लिहितो, मग किंमती घालतो, मग उत्तर, आणि मग वही बंद. हा क्रम उलटा करायचाय, बस.

पहिल्या तासाला काय करायचं

सिलॅबस वाचून दाखवू नका, तो सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. पहिल्या तासाला एक गैरसमज काढायचा असतो, तो म्हणजे हे केमिस्ट्रीचं एक्स्टेंशन आहे हा. अर्ध्या वर्गाला असंच वाटत असतं. त्यांना सरळ विचारा, फ्लास्कमध्ये दहा ग्रॅम बनवलं, आता तेच तासाला दहा टन बनवायचंय, काय काय बदलेल? थोडा वेळ शांतता, मग एकेक यायला लागतं, गरम कसं करणार, ढवळणार कशाने, उष्णता बाहेर कशी काढणार, न वापरलेलं रसायन फेकून द्यायचं का, कोणी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर काय. जे जे बोलतील ते फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाच्या पुढे कुठल्या सेमिस्टरचा कुठला विषय येतो ते लिहा. झाला सिलॅबस सांगून, आणि त्यांच्याच तोंडून.

थोडा इतिहासही सांगा, लांबण लावू नका. जॉर्ज डेव्हिसने १८८७ मध्ये मँचेस्टरला बारा लेक्चरं दिली, आणि नंतर १९१५ मध्ये आर्थर लिटलने युनिट ऑपरेशन्स ही कल्पना मांडली, म्हणजे कारखाना साखरेचा असो की ॲसिडचा, आत तीच कामं चालतात, उकळणं, गाळणं, वाळवणं, वेगळं करणं. हे सांगायचं कारण असं की पोरांना प्रत्येक विषय म्हणजे वेगळं गाव वाटतं, मास ट्रान्सफरच्या मॅडम वेगळ्या, हीट ट्रान्सफरचे सर वेगळे, पेपर वेगळा, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी त्यांना सांगतच नाही की रस्ता एकच आहे.

मटेरियल बॅलन्सला घाई करू नका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दिसायला सोपा विषय, जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे, नाहीतर आत साठलं किंवा रिॲक्शनमध्ये गेलं, यात काय शिकवायचं असं वाटतं, आणि म्हणूनच लोक तो भरभर उरकतात. नंतर चार वर्षं बोंब मारत बसतात की पोरांना बेसिक येत नाही.

एक साधं इव्हॅपोरेटरचं उदाहरण घ्या. तासाला १००० किलो मिठाचं पाणी येतंय, ५ टक्के मीठ, ते २० टक्क्यांपर्यंत घट्ट करायचंय. आता समीकरण लिहायचं नाही. आधी एक चौकोन काढा, एक बाण आत, दोन बाण बाहेर, आणि सगळ्यांना म्हणा, पेन खाली ठेवा, किती पाणी उडवावं लागेल अंदाज सांगा. हमखास एक आवाज येतो, १५० किलो मॅडम, कारण वीस वजा पाच पंधरा. त्याला हसायचं नाही आणि बरोबर काय तेही सांगायचं नाही. विचारायचं, बरं, मग १५० उडवलं तर खाली किती उरलं, ८५०, त्यात मीठ किती, ५० किलो, मग टक्के किती झाले? सहाच्या आसपास. तो स्वतःच गप्प होतो आणि पुढच्या मिनिटात कोणीतरी ओरडतो की मीठ तर कुठे जातच नाहीये, ५० किलो आत आलं तेच ५० किलो बाहेर, आणि ते २० टक्के असेल तर एकूण २५० किलो, म्हणजे ७५० उडालं. समीकरण न लिहिता उत्तर आलं. आता लिहा समीकरण, आता त्याला अर्थ आहे.

इथेच थांबू नका, त्याच चौकोनात उष्णता घाला. ७५० किलो पाणी तासाला उडवायचं, १०० डिग्रीला एक किलोला साधारण २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे ४७० किलोवॅट, आणि यात अजून फीड गरम करायची उष्णता धरलेली नाही. आकडा फळ्यावर मोठा लिहा आणि विचारा, ही उष्णता कुठून आणणार, आणि जी ७५० किलो वाफ वर चाललीय ती अशीच सोडून द्यायची का? तीच वाफ पुढच्या भांड्यात वापरता येईल का हा प्रश्न वर्गातून येतोच, मग पुढच्या भांड्यात प्रेशर कमी का ठेवावं लागेल हेही येतं, आणि मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर हा प्रकार तुम्ही शिकवायच्या आधीच त्यांनी शोधलेला असतो. मला शिकवण्यातला सगळ्यात आवडता तास कुठला विचाराल तर हाच.

बेसिस, म्हणजे हिशोब किती मालावर धरलाय ते, लिहिल्याशिवाय गणित तपासायचं नाही हा नियम पहिल्या आठवड्यापासून लावा. आणि चौकोन नसेल तर एक मार्क कट. कुरकुर होते, होऊ द्या.

मग येतं रिसायकल आणि पर्ज. इथे बहुतेक वर्ग गळपटतात कारण पुस्तकात एकदम पाच अज्ञात आणि पाच समीकरणं येतात. तुम्ही त्याची गोष्ट करा. ताजं फीड ताशी १०० किलोमोल, त्यात ९९ कामाचं आणि १ निष्क्रिय गॅस, आर्गॉनसारखा, जो कशाशी रिॲक्ट होत नाही. रिॲक्टरमध्ये एका फेरीत थोडंसंच रूपांतर होतं, प्रॉडक्ट वेगळं काढलं, उरलेलं सगळं परत रिॲक्टरला. आता विचारा, तो १ किलोमोल कुठे गेला? तासाला एक येतोय आणि बाहेर जायला वाटच नाही, म्हणजे दिवसाला २४ किलोमोल आत साठतंय. दोन-तीन जणांना लगेच कळतं की असं चालवलं तर थोड्या दिवसांनी लूपमध्ये निष्क्रिय गॅसच फिरत बसेल. मग पर्जचा, म्हणजे लूपमधला थोडा गॅस बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह थोडा उघडा. लूपमध्ये निष्क्रिय गॅस १० टक्क्यांवर ठेवायचा ठरवला तर तो १ किलोमोल बाहेर काढायला १० किलोमोल पर्ज करावा लागणार, म्हणजे ९ किलोमोल चांगलं फीड वाया, एकूण रूपांतर ९० भागिले ९९, जवळपास ९१ टक्के. आणि २० टक्के चालवून घेतलं तर? पर्ज ५, वाया ४, रूपांतर ९६ टक्के. मग २० च का नको, ४० का नको? इथे वर्ग भांडायला लागतो आणि भांडू द्या, कारण निष्क्रिय गॅस वाढला की रिॲक्टर मोठा लागतो, कॉम्प्रेसर उगाच जास्त गॅस फिरवतो, रिॲक्शनचा वेग पडतो. उत्तर एक नाहीये, ते पैशांवर ठरतं, आणि इंजिनिअरिंगमध्ये असं असतं हे त्यांना पहिल्यांदा इथे कळतं. अमोनियाच्या प्लांटमध्ये अगदी हेच चालतं, हवेतून नायट्रोजनबरोबर आर्गॉन येतो, नॅचरल गॅसमधून उरलेला मिथेन येतो, आणि लूपमधून पर्ज काढावाच लागतो.

युनिट्सबद्दल मोठं प्रवचन नको, ते कोणी ऐकत नाही. तीन सापळे मात्र परत परत लावा, गेज प्रेशर आणि ॲब्सोल्यूट प्रेशर, तापमान आणि तापमानातला फरक, म्हणजे १० डिग्रीचा फरक केल्विनमध्ये २८३ होत नाही तो १० च राहतो, आणि मोल की वस्तुमान. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं यान एका टीमने पाउंडात आणि दुसरीने न्यूटनमध्ये हिशोब धरल्यामुळे नष्ट झालं, ती गोष्ट एकदा सांगितली की पुरे.

तासाला बोलायचं किती

कमी. मला माहितीय की सिलॅबस संपवायचा असतो आणि डोक्यावर टांगती तलवार असते. पण सिलॅबस तुम्ही संपवला म्हणजे त्यांचा संपला असं होत नाही. २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांचा, त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के निघाले आणि जिथे पोरांना वर्गात काहीतरी करायला लावलं तिथे २१.८ टक्के. त्यामुळे वेळ वाया जातो म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी वाद घालत बसू नका, हे दोन आकडे सांगा आणि चहाला जा.

वर्गात करायचं काय तर प्रश्न टाकायचे, आणि प्रश्न असे की आकडेमोड कमी आणि डोकं जास्त. फ्लुइड मेकॅनिक्समधला माझा ठरलेला प्रश्न, पाइपचा व्यास निम्मा केला, फ्लो तेवढाच ठेवला, दोन्ही वेळेला फ्लो लॅमिनारच (संथ, थराथराने वाहणारा) आहे, प्रेशर ड्रॉप किती पट होईल? दोन, चार, आठ की सोळा. आधी एकट्याने ठरवायचं, हात वर, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत हात वर. पहिल्या फेरीत चार वाले खूप असतात कारण एरिया चारपटीने कमी होतो एवढंच डोक्यात येतं. उत्तर सोळा. दुसऱ्या फेरीत बरेच जण सोळावर येतात आणि ते तुम्ही सांगितलेलं नसतं, शेजारच्याने पटवलेलं असतं. मग हळूच विचारा, फ्लो टर्ब्युलंट (खळबळत वाहणारा) असता तर? फ्रिक्शन फॅक्टर तोच धरला तर बत्तीस. प्लांटमध्ये पाइप एक साइज लहान घेऊन पैसे वाचवणाऱ्याला पंप का पुरत नाही ते आता वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसता आलं पाहिजे, हे सगळ्यात अवघड. तीन सेकंदात आपणच उत्तर देऊन टाकतो. मनात वीस मोजा.

थर्मो आणि सेपरेशन

थर्मोडायनॅमिक्स हा आपल्या ब्रँचमधला सगळ्यात जास्त शिव्या खाणारा विषय, आणि थोड्या त्याने कमावलेल्याही आहेत. फ्युगॅसिटी (आयडियल नसलेल्या गॅसचं दुरुस्त केलेलं प्रेशर) म्हणजे काय हे व्याख्येने सुरू केलं की निम्मा वर्ग खिडकीबाहेर. ते कुठे लागतं तिथून सुरू करा.

मी काय करते सांगते. इथेनॉल आणि पाणी वेगळं करायचा डिस्टिलेशन कॉलम सिम्युलेटरमध्ये बसवायला लावते आणि मुद्दाम सांगते की प्रॉपर्टी मेथड, म्हणजे मिश्रण कसं वागतं ते धरायचं मॉडेल, आयडियल ठेवा. भरपूर ट्रे द्या, रिफ्लक्स (वरची वाफ थंड करून परत कॉलममध्ये सोडलेलं लिक्विड) वाढवा. स्क्रीनवर मस्त ९९ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल येतं, सगळे खूश, स्क्रीनशॉट काढतात. मग म्हणते आता फक्त मेथड बदलून एनआरटीएल (आयडियल नसलेल्या मिश्रणाचं मॉडेल) करा, बाकी काही हात लावू नका. गाडी साधारण ९५.६ टक्क्यांपाशी (वजनाने) अडकते, ट्रे दुप्पट करा नाहीतर चौपट, पुढे सरकत नाही, कारण तिथे ॲझिओट्रोप आहे, वाफ आणि लिक्विड दोन्हींचं कंपोझिशन सारखंच. कॉलम तोच, फीड तेच, सॉफ्टवेअर तेच, आणि एक उत्तर निखालस खोटं. ते खोटं सांगताना सॉफ्टवेअरला कसलीही लाज वाटली नाही. आता ॲक्टिव्हिटी कोइफिशंट, म्हणजे मिश्रण आयडियलपासून किती हटतं त्याचा आकडा, शिकवा, आता ऐकतात.

सिम्युलेटरच्या आधी मॅककेब-थील, म्हणजे किती ट्रे लागतील ते आलेखावर पायऱ्या मोजून काढायची पद्धत, हाताने काढून घ्या, ग्राफ पेपरवर, पट्टी-पेन्सिलने. ही पद्धत १९२५ ची आहे आणि आज कोणी त्याने कॉलम डिझाइन करत नाही हे खरंय, पण रिफ्लक्स कमी केला की ऑपरेटिंग लाइन कर्व्हकडे सरकते आणि पायऱ्या वाढत जातात, शेवटी मिनिमम रिफ्लक्सला पायऱ्या संपतच नाहीत, हे डोळ्याला दिसतं. दोन-तीन आलेख हाताने काढलेल्याला सिम्युलेटर का कन्व्हर्ज होत नाही ते लवकर समजतं. बाकीचे नुसते ट्रे वाढवत बसतात.

रिॲक्टर, आणि सेफ्टी वेगळा विषय का नको

रिॲक्टरचे फॉर्म्युले कमी आहेत, त्यामुळे इथे तुलना करायला शिकवा. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन, ९० टक्के रूपांतर पाहिजे, सीएसटीआरला (ढवळत ठेवलेल्या टाकीला) रेट कॉन्स्टंट गुणिले वेळ ९ लागतो आणि पीएफआरला (पाइपसारख्या रिॲक्टरला) २.३, म्हणजे टाकी पाइपच्या जवळपास चौपट मोठी. का? कारण सीएसटीआर सगळा वेळ शेवटच्या, पातळ झालेल्या कंपोझिशनवर चालतो. मग लगेच उलटा प्रश्न, एवढं वाईट असेल तर सीएसटीआर वापरतात कशाला? उत्तरं येतात, ढवळायला बरा, तापमान सांभाळायला बरा, घट्ट स्लरी असेल तर बरा.

तापमान सांभाळणं इथे आलं की थांबा आणि स्केल-अप काढा. भांड्याचा व्यास दहापट केला, आकार तोच, तर आतला माल हजारपट आणि भिंतीचं क्षेत्रफळ शंभरपटच. उष्णता तयार होते मालातून, बाहेर जाते भिंतीतून. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला भिंत एक दशांश उरली. लॅबमध्ये जे रिॲक्शन फ्लास्कला हात लावून कोमट वाटलं ते मोठ्या भांड्यात आवरेनासं होऊ शकतं. यात काही नवीन भौतिकशास्त्र नाही, शाळेतली भूमिती आहे.

आणि मग टी-टू लॅबोरेटरीजची केस द्या. अमेरिकेत फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, १९ डिसेंबर २००७. पेट्रोलमध्ये घालायचं एक ॲडिटिव्ह बनवत होते, सोडियम धातू वापरून, साधारण २४५० गॅलनच्या बॅच रिॲक्टरमध्ये. कूलिंग गेलं, दुसरी सोय नव्हती, तापमान चढत गेलं आणि एका मर्यादेच्या वर सोडियम आणि सॉल्व्हंट यांचीच वेगळी, जास्त जोरदार रिॲक्शन सुरू झाली. रिॲक्टर फुटला, चार जण गेले, बत्तीस जखमी झाले. ही पहिली बॅच नव्हती, १७५ वी होती, म्हणजे आजवर काही झालं नाही या वाक्याला काय किंमत आहे ते वर्गाला इथे दाखवा. मधल्या काळात बॅचचा आकारही एक तृतीयांशाने वाढवला होता. आपल्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे, चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्डाने जी शिफारस केली ती फक्त कंपन्यांना नव्हती, केमिकल इंजिनिअरिंगच्या डिग्रीच्या अभ्यासक्रमात रिॲक्टिव्ह हॅझर्ड्स आले पाहिजेत असं एआयसीएचई (तिथल्या केमिकल इंजिनिअरांची संघटना) आणि एबीईटी (डिग्री कोर्सना मान्यता देणारी) या दोन संस्थांना सांगितलं. म्हणजे बोट आपल्याकडे, शिकवणाऱ्यांकडे होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सेफ्टी हा शेवटच्या वर्षातला दोन क्रेडिटचा वेगळा विषय करून मोकळं होणं हा शुद्ध टाळाटाळीचा प्रकार आहे. असू दे तो विषय, पण एनर्जी बॅलन्स शिकवताना कूलिंग बंद पडलं तर तापमान मिनिटाला किती चढेल हे गणित तिथेच घाला. पंप शिकवताना डिस्चार्ज बंद ठेवून चालवला तर काय. स्टोरेज शिकवताना भोपाळ, १९८४, मिथाइल आयसोसायनेट हे मधलं रसायन एवढं साठवायची गरज होती का, टाकीचं रेफ्रिजरेशन बंद होतं, फ्लेअरची (गळालेला गॅस जाळून टाकायच्या चिमणीची) लाइन जोडलेली नव्हती, एकेक करून सगळे पहारे उठलेले होते. प्लांट सेफ्टीचे तज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ आयुष्यभर हेच सांगत राहिले की जे प्लांटमध्ये ठेवलेलंच नाही ते गळणार नाही. पोरांना कायदे आणि फॉर्म पाठ करायला लावण्यापेक्षा हे एवढं आत उतरवा.

प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल भरणं नव्हे

लॅबमध्ये सगळ्यात मोठा रोग म्हणजे रीडिंग्ज जुळवणं. मागच्या वर्षीचं जर्नल मिळतं, त्यातला ग्राफ सुंदर सरळ असतो, आपलाही तसाच पाहिजे. याचं मूळ पोरांमध्ये नाही, आपण सरळ ग्राफला मार्क देतो यात आहे.

डबल पाइप हीट एक्स्चेंजर घ्या. गरम पाणी सेकंदाला ०.२ किलो, ६० वरून ५३ डिग्री, म्हणजे ५.८५ किलोवॅट सोडले. थंड पाणी ०.१५ किलो, २५ वरून ३३, म्हणजे ५.०२ किलोवॅट घेतले. ०.८ किलोवॅट कुठे गेले? इथे नव्वद टक्के रिपोर्टात एकच वाक्य असतं, उष्णता वातावरणात गेली. तेवढ्यावर मार्क द्यायचे नाहीत. विचारा, तुमचा थर्मामीटर अर्धा डिग्री इकडेतिकडे असू शकतो ना, मग दोन टोकांचा मिळून फरक ७ च्या जागी ६ असू शकतो, नुसत्या त्यानेच १४ टक्के गेले. मग वातावरणात गेली हे कशावरून? पाइपच्या बाहेरच्या भिंतीचं तापमान किती, एरिया किती, तेवढी उष्णता हवेत जाऊ शकते का करून बघा. आणि जर गरम पाणी आतल्या पाइपमध्ये असेल आणि बाहेरून थंड पाणी असेल तर ती वातावरणात जाणार तरी कशी, थंड पाणी तर खोलीएवढंच गार आहे! हे एकदा व्हायव्यात विचारलं की पुढच्या बॅचला बातमी पोचते.

मार्कांची वाटणी बदला, ग्राफ किती सरळ याला कमी आणि विचित्र रीडिंगचं कारण शोधण्याला जास्त. आणि अधूनमधून उपकरणात एखादी गडबड मुद्दाम ठेवा, रोटामीटरचं कॅलिब्रेशन हललेलं, नाहीतर मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा. कोण पकडतं बघा. लॅबमध्ये काउंटर-करंट (दोन्ही पाणी उलट दिशेने) आणि को-करंट (एकाच दिशेने) दोन्ही चालवून घ्या, वर्गात ९० वरून ५० आणि २० वरून ४० या आकड्यांवर एलएमटीडी (गरम-थंडमधला सरासरी तापमान-फरक) ३९ आणि ३१ येतो हे काढलेलं असेल तर लॅबमध्ये त्याचा अर्थ कळतो, नाहीतर ती नुसती नळ्यांची अदलाबदल.

कॉपी, असाइनमेंट आणि पेपर

उत्तरांची पुस्तकं नेटवर आहेत, चॅटबॉट आहेत, घरी दिलेलं गणित कोणी सोडवलं ते कळायला मार्ग नाही. पोलिसगिरी करून उपयोग नाही, प्रश्न बदला. मी सोडवलेलं गणितच देते, पूर्ण पायऱ्यांसकट, त्यात दोन चुका पेरलेल्या, एक युनिटची आणि एक चौकोन चुकीच्या जागी काढल्याची. शोधा आणि का चूक ते दोन ओळीत लिहा. किंवा गरजेपेक्षा जास्त डेटा देते, किंवा एक आकडा मुद्दाम देत नाही आणि तो त्यांनीच ठरवायचा, कारणासकट. प्रत्येक असाइनमेंटच्या वर एक रिकामी चौकट असते, आकडेमोडीच्या आधी तुमचा अंदाज लिहा. अंदाज चुकला तरी मार्क कापत नाही, पण अंदाज आणि उत्तर यात शंभरपट फरक असून खाली त्यावर एक शब्दही नसेल तर कापते. आणि असाइनमेंट घेतल्यावर कोणालाही पाच मिनिटं फळ्यापाशी बोलवून, हाच फीड दुप्पट केला तर काय, एवढं विचारायचं.

शेवटच्या वर्षाचा डिझाइन प्रोजेक्ट म्हणजे चार-पाच जणांचा ग्रुप, त्यातला एक सगळं करणार, एक प्रेझेंटेशन रंगवणार आणि बाकीचे नाव लावणार, हे जगभर सारखंच आहे. त्यावर मला चाललेला उपाय एकच, दर आठवड्याला वीस मिनिटं भेट, आणि कोण बोलणार ते मी ठरवणार, आयत्या वेळी. हीट एक्स्चेंजर ज्याने केला त्याला कॉलमबद्दल विचारायचं. पी अँड आय डी (पाइप, व्हॉल्व्ह आणि उपकरणं दाखवणारं ड्रॉइंग) समोर ठेवून प्रत्येक ग्रुपकडून एका तरी भागाचा हॅझॉप, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची तपासणी, करून घ्या, फ्लो नाही, फ्लो जास्त, फ्लो उलटा, एकेक शब्द घेऊन. फ्लो उलटा म्हटलं की हसतात, पंप लावलाय मॅडम उलटा कसा जाईल, मग पंप बंद पडला तर असं विचारलं की नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ड्रॉइंगवर येतो.

आता पेपर काढायचं. स्वतः काढलेला पेपर आधी स्वतः सोडवा, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून, तुम्हाला लागलेल्या वेळेच्या तिप्पट त्यांना द्या. गणितं एकमेकांवर अवलंबून ठेवू नका, अ भाग चुकला की ब आणि क आपोआप गेले असं नको, ब च्या सुरुवातीला लिहा की अ चं उत्तर आलं नसेल तर अमुक किंमत धरा. एक प्रश्न फक्त अंदाजाचा ठेवा, कॅल्क्युलेटर न वापरता. आणि तपासताना ज्याने उत्तराखाली लिहिलंय की हे उत्तर मला पटत नाहीये, पॉवर फारच जास्त वाटतेय, बहुतेक व्यासात घोळ झालाय पण सापडत नाही, त्याला भरघोस मार्क द्या, जो चाळीस मेगावॅटखाली दोन रेघा मारून पुढे गेलाय त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि हे मार्क मिळतात हे पहिल्या टेस्टनंतर वर्गात मोठ्याने सांगा म्हणजे दुसऱ्या टेस्टला असं लिहिणारे वाढतात.